‘थेंबभरही भिजणार नाही’ म्हणणारी यादी गोव्याच्या रानात का चालत नाही

मिरग जवळ आला की ट्रेकवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक यादी फिरू लागते. सह्याद्रीत भर पावसात चार-पाच दिवस चालायचंय? एवढं सामान घ्या, थेंबभरही भिजणार नाही! वॉटरप्रूफ बूट, बॅगेला रेनकव्हर, उणे तापमानाची स्लीपिंग बॅग, व्हाळाकाठी (म्हणजे ओढ्याकाठी) तंबू, जनावरं दूर ठेवायला रात्रभर शेकोटी, जळवांसाठी मीठ. सत्तरी, धारबांदोडा, काणकोणच्या रानांत जाणारी आपली पोरंही ही यादी घेऊन थेट दुकान गाठतात.

ही यादी हिमालयाच्या हिशेबाने लिहिलेली दिसते. तिथे गाठ थंडीशी असते. गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून जास्त. आणि रात्रीही पारा सहसा विसाच्या खाली उतरत नाही. रेनकोट घातला तर आतून घामाने भिजता, काढला तर पावसाने. दिवसा भिजायचंच हे एकदा मान्य केलं की सामानाचा सगळा हिशेब बदलतो: रात्रीचा एक जोड आणि अंथरूण कोरडं राहिलं पाहिजे, बाकी भिजलं तर भिजू दे.

आता बूट. वॉटरप्रूफ बुटांनी पाय कोरडे राहतात, हा दावा पणजीच्या फुटपाथवर खरा आहे. रानात एकामागून एक व्हाळ लागतात, पाणी घोट्याच्या वर असतं. ते बुटाच्या तोंडातूनच आत शिरतं, आणि बाहेरचं पाणी अडवणारा तो पडदा मग आतलंही बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पाय घागरीत बुडवून चालल्यासारखं होतं. त्यापेक्षा जाळीचे साधे बूट बरे. दोन्हींत पाणी शिरतं, पण जाळीतून चार पावलांत निघूनही जातं. पैसे घालायचेच तर सोलवर घाला. रबर मऊ आणि खाचा खोल हव्यात, कारण शेवाळलेल्या जांभ्या दगडावर कडक सोल सरळ घसरतं.

खरी काळजी मुक्कामाला पोचल्यावर घ्यायची. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या आणि व्हॅसलिन किंवा आपलं भिरंडेल (कोकमाचं तेल) चोळायचं. मग झोपेपुरते राखून ठेवलेले मोजे. सकाळी ते कितीही हवेसे वाटले तरी काढून ठेवायचे आणि कालचे ओले मोजे पुन्हा चढवायचे. हे नको वाटतं, मान्य. पण कोरडे मोजे ‘आजच्या दिवस’ म्हणून घातले की संध्याकाळी दोन्ही जोड ओले आणि पुढच्या एक-दोन दिवसांत चिखल्या. लांबच्या ट्रेकमध्ये माणूस दमून थांबतो त्यापेक्षा पायांनी थांबतो.

रेनकव्हरबद्दल थोडक्यात. बॅगेची पाठीकडची बाजू उघडीच राहते, मानेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच झिरपतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधलं की काम होतं. कव्हर चिखल आणि काट्यांसाठी ठेवा हवं तर.

पिसांची उबदार स्लीपिंग बॅग इथे पैसे आणि पाठ दोन्ही मोडते. दमट हवेत पिसं चिकटून बसतात, मग तिची ऊबच जाते. इथे एक पातळ सिंथेटिक पांघरूण पुरतं. सुती कपडे जीवघेणे असतात, हे यादीतलं वाक्यही थंड मुलखातलं. आपल्याकडे ओलं सुती कापड मांड्या-काखा सोलतं आणि चार दिवस वाळत नाही, म्हणून ते चालताना नको. झोपायला मात्र कोरडा सुती सदरा उत्तमच.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे पाण्याजवळ तंबू. ७ जुलै २०२४ रोजी सत्तरीत पाळीच्या धबधब्यावर गेलेले ऐंशीच्या आसपास लोक व्हाळाचं पाणी चढल्याने पलीकडे अडकले आणि त्यांची सुटका करावी लागली. तेही दिवसाढवळ्या, जागे असताना. पाऊस वर घाटमाथ्यावर कोसळत असतो, खाली तुमच्या डोक्यावर ऊनही असेल. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या वाहून यायला लागल्या, की सामान सोडा आणि वर चढा. तंबूची जागा ठरवताना काठच्या झुडपांत अडकलेला जुना कचरा पाहायचा. पूर कुठवर चढतो ते तो सांगतो. त्याच्या बऱ्याच वर राहायचं. पण उघड्या सड्यावरही (कातळाच्या पठारावर) नको, विजांचं भय असतं. तंबूखालचं प्लास्टिक तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, पावसाचं पाणी त्यावरून थेट पाठीखाली येतं.

खरं तर वाडीतल्या देवळाचा मंडप विचारून घेतला, तर तंबूची गरजच काय? म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, हे त्या यादीत कुठेच नाही.

शेकोटीचंही तेच. पावसात ओलं लाकूड नुसता धूर करतं. कोरड्या दिवसांत काय होतं ते मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात लागलेल्या वणव्यांनी दाखवलं. अभयारण्यात आग लावायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच बंदी आहे. जनावरांना तंबूकडे ओढतो तो अन्नाचा वास. सुक्या सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) सोबत असल्याशिवाय ज्यांचं जेवण होत नाही (अशा मंडळींबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे) त्यांनी तो डबा घट्ट बंद करून झोपण्याच्या जागेपासून लांब, उंच टांगावा. ओले कपडे फांदीवर टाकण्याआधी बॅटरीचा झोत मारा. मलबारी चापडा हा विषारी साप पावसाळी रात्री अशाच फांद्यांवर बसलेला असतो, आणि आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनते, त्याच्या नव्हे.

वाहतं पाणी शुद्ध असतं, हे तर वर गुरं चरत नाहीत असं धरूनच लिहिलेलं. फडक्यातून गाळा आणि खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे.

राहिलं मीठ. चिकटलेल्या जळवेवर मीठ टाकलं की ती पोटातलं जखमेतच ओकते. नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा आणि झटकून टाका. रक्त बराच वेळ वाहील, कारण तिच्या लाळेत ते गोठू न देणारं द्रव्य असतं. दाबून धरा, थांबतं. हीच पायवाट डिसेंबरनंतर चालणार असाल, तर जळवा नसतील पण गोचिडी असतील. सत्तरीत माकडतापाने माणसं दगावली आहेत, आणि तो गोचिडीपासूनच होतो. तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा, विजार मोज्यांत खोचलेली, पाल्यावर बसकण नाही, आणि मुक्कामाला पोचल्यावर एकमेकांचं अंग तपासणं. ट्रेकनंतर ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आधी सांगा.