‘शंभरात पाच’चा हिशेब

पेरण्या आटोपत आल्या की आमच्या दारव्ह्याकडं व्हॉट्सॲपवर तो मेसेज फिरू लागतो. ‘अमुक खासगी विद्यापीठात इंजिनिअरिंगला शंभरात पाचच पोरांचा नंबर लागतो, अमरावतीच्या सरकारी कॉलेजात जास्त पोरांचा लागतो, शेगावच्या कॉलेजचा कटऑफ तर आणखी खाली. म्हणून खासगीच सर्वांत कडक, अन् कडक तेच चांगलं.’ परवा सेतू केंद्रात एका ओळखीच्या पालकानं तो दाखवला अन् म्हणाले, “सर, पोराले तिथंच टाकतो. एखादं एकर गेलं तरी चालन.”

आधी ते ‘शंभरात पाच’. हा आकडा बहुधा जागा भागिले अर्ज असा काढतात. एकच पोरगं चार विद्यापीठांचे फॉर्म भरतं आणि चौघंही त्याला आपला अर्जदार म्हणून मोजतात. जाहिरात वाढवली, अर्ज दुप्पट झाले की टक्का निम्म्यावर. त्यात एकही पोरगं जास्त हुशार आलेलं नसतं. अमरावतीच्या सरकारी कॉलेजचा तर वेगळा अर्जच नसतो. सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा; ती घेणाऱ्या सेलचा कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा, एकच फॉर्म, त्यात पसंतीच्या क्रमानं कॉलेजं भरायची. ज्यानं अमरावती चाळिसाव्या नंबरवर टाकली, तो तिचा अर्जदार धरायचा की नाही? मग तुलना कशाशी केली, हे मेसेजवाल्यालाच ठाऊक.

दुसरं, 90 पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के मार्क नव्हेत; शंभरातली नव्वद पोरं मागं, दहा पुढं, एवढाच त्याचा अर्थ. सीईटीला तीन लाख पोरं बसली असं धरलं तर 90 वाल्याच्या पुढं तीसेक हजार असतात. जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेला दहा लाख धरले तर तिथं लाखभर. नागपूरचं केंद्र सरकारी कॉलेज व्हीएनआयटी जेईईवर, अमरावती मुख्यतः सीईटीवर, खासगीची अनेकदा स्वतःची परीक्षा. हे सगळं एका रांगेत मांडणं म्हणजे कापूस अन् सरकी एकाच भावानं विकणं.

शेगावच्या कटऑफबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण इथंच आपली माणसं फसतात. कॅपच्या कटऑफ यादीत रकान्याच्या नावाचं शेवटचं अक्षर पाहा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. एचच्या जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या पोरांसाठी असतात. अमरावतीचं सरकारी कॉलेज स्वायत्त, तिथं अख्ख्या राज्याशी गाठ. शेगावचा आकडा एचचा असेल, तर तो अमरावतीच्या एसशेजारी ठेवून कोण वर, कोण खाली ते ठरत नाही. त्यात मुलींचे रकाने वेगळे, शाखा वेगळ्या, फेऱ्या वेगळ्या. ताडून पाहायचंच तर परीक्षा, शाखा, रकाना, फेरी सगळं सारखं घ्या आणि पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबर पाहा.

मेसेजमधलं एक खरं: नावाजलेल्या खासगी ठिकाणी कॉम्प्युटरला चुरस असते. पण ‘कडक तेच चांगलं’ हे कॅपची यादीच खोडते. टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा, रकाना बघा. कॉलेज तेच, शाखा तीच, मास्तर तेच, तरी कटऑफ बहुतेकदा खुल्या प्रवर्गापेक्षा वर. कारण एवढंच की तिथं फी वाचते.

त्या पालकालाही तोच रकाना दाखवला. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं म्हटल्यावर ते हसले. “आठ लाख कुठले बाप्पा!” म्हणत उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले.