बाथ पक्ष सद्दामने काढलेला नाही

‘बाथ हा सद्दामने काढलेला कट्टर धार्मिक पक्ष’ असा मजकूर इराक आणि सीरियात दीर्घकाळ सत्तेवर असलेल्या या पक्षाबद्दल सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. ७ एप्रिल १९४७ रोजी सीरियाची राजधानी दमास्कसमध्ये पक्ष स्थापन झाला, तेव्हा पुढे इराकचा हुकूमशहा झालेला सद्दाम हुसेन जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता. संस्थापक दोघे शिक्षक: मिशेल अफ्लाक ख्रिस्ती, सलाह बितार मुस्लिम. धर्माऐवजी अरब म्हणून एक व्हा, हाच त्यांचा आग्रह. पुढे सद्दामने याच पक्षाच्या नावाखाली अनन्वित अत्याचार केले, हेही तितकंच खरं.

बंदीही एकदाच आली नाही. इराकमध्ये अमेरिकी प्रशासनाने मे २००३ मध्ये पक्ष बरखास्त केला. नोकरीपुरते सभासद झालेले शाळामास्तरही त्यात घरी बसले. सीरियात मात्र तो जानेवारी २०२५ मध्ये विसर्जित झाला.