एकट्याचं भागेल, घराचं काय?

"काटकसर केली तर किमान वेतनात माणूस जगू शकतो" हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. 1957 मध्ये सरकार, मालक आणि कामगार यांच्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब मांडला तो नवरा, बायको आणि दोन मुलं धरून. म्हातारे आईवडील त्यात नाहीतच. किमान वेतनात शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य यांचा 25 टक्के वाटा धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तेही 1991 मध्ये.

माझा मेहुणा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) साचे बनवायला, मोल्डिंगला आहे. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) कापूनच पगार हातात येतो. वडगावातल्या खोलीचं भाडं, गॅस, दूधवाला झाला की पंधरवड्यानंतर दुकानात उधारीची वही सुरू. ओव्हरटाइम आहे म्हणून घर चालतंय. ऑर्डरी कमी झाल्या की पहिली पोरीची ट्यूशन बंद होते. आठ तासांच्या पगारात घर चाललं पाहिजे हो, बारा तासांच्या नव्हे!

निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायकांचं तर आणखी कठीण. मजुरी हजार विड्यांवर. तेवढ्या एकटीने वळून होत नाहीत, मग शाळेतून आलेली मुलगी पानं कापायला बसते. मजुरी एकीची, राबतात दोघी. लेखकाने पुढच्या लेखात हा हिशेबही जरूर मांडावा.