लावायला नंतर, बंद करायला आधी

सुट्टी लागली की ठाण्या-नवी मुंबईच्या सोसायट्यांत एक वाद हमखास रंगतो. आईवडील कामावर असताना दहा-बारा वर्षांच्या मुलाला गॅस लावू द्यायचा का? एक बाजू म्हणते, 'आम्ही चौथीत चहा करायचो.' दुसरी बाजू स्वयंपाकघराला कडी लावून जाते. इथे जर्मनीत राहून हा वाद ऐकताना वाटतं, दोघंही गॅस लावण्यावरच अडलेत. अडीअडचणीला कामी येतं ते बंद करणं, आणि ते शिकवायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

बंद करणंही घरागणिक वेगळं. सिलिंडर असेल तर शेगडीचं बटण आणि रेग्युलेटर, दोन्ही. पाइपचा गॅस असेल तर शेगडीजवळच्या व्हॉल्व्हची दांडी पाव फेरा फिरवायची; दांडी पाइपला आडवी आली की बंद, पाइपच्या रेषेत असली की चालू. हे मुलाच्या हातून प्रत्यक्ष करून घ्या. बरेच दिवस न हलवलेला व्हॉल्व्ह घट्ट बसतो आणि नेमका ऐन वेळी पोराचा जोर अपुरा पडतो. गॅसचा वास आला तर काय करायचं, तेही शिकवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून बाल्कनीचं दार उघडायचं. पाइपचा गॅस हलका, त्याला वरची खिडकी हवी. विजेचं कुठलंच बटण दाबायचं नाही. चालू दिवा बंदसुद्धा करायचा नाही. मोठी माणसं सवयीने एक्झॉस्ट फॅन लावायला धावतात, आणि ठिणगी पडू शकते ती तिथेच. वास घरभर पसरला असेल तर व्हॉल्व्हच्या नादी न लागता मुलाने सरळ बाहेर पडावं, बेल न वाजवता शेजाऱ्यांचं दार ठोठवावं आणि तिथून फोन करावा. सिलिंडरसाठी १९०६, पाइपच्या गॅसचा आपत्कालीन नंबर बिलावर असतो.

हा वास मुळात गॅसचा नव्हेच, मुद्दाम मिसळलेला. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला. सुमारे ३०० जण गेले, त्यांत बहुतेक मुलं. वास मिसळण्याचा कायदा तिथे त्यानंतर आला.

अपघाताने लागलेले शोध हा शाळेतल्या प्रश्नमंजुषेचा लाडका विषय. पेनिसिलिन, टेफ्लॉन, मायक्रोवेव्ह पोरांना तोंडपाठ. त्या यादीत स्मोक अलार्म सहसा नसतो. १९३०च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर येगर विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होते. वायूने काटा हलेना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली, आणि धुराने काटा हलला. पुढे अमेरिकेत डुएन पिअर्सल स्थिर विजेवर काम करत असताना तिथेही सिगारेटच्या धुराने मीटर हललं, आणि घरात परवडेल असा अलार्म त्यातून निघाला. एकाच अपघाताला दोनदा घडावं लागलं!

जर्मनीत हा अलार्म झोपायच्या खोल्यांत, मुलांच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये कायद्याने लागतो. स्वयंपाकघरात सक्ती नाही, कारण वाफेने तो उगाच बोंबलतो. आपल्या मिरचीच्या फोडणीपुढे तर दोन दिवसांत कुणीतरी बॅटरीच काढून ठेवेल. म्हणून स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा आणि पॅसेजमध्ये धुराचा, असे दोन वेगळे घ्यावेत. महाराष्ट्राच्या २००६च्या कायद्याप्रमाणे इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. पण फ्लॅटमध्ये हौसेने केलेल्या फॉल्स सीलिंगने आगीवर पाणी फवारणारा स्प्रिंकलर झाकला असेल, तर ते कागद काय कामाचे?

इथलं सगळंच उचलण्यासारखं नाही. इथे बहुतेक घरांत शेगडी विजेची, त्यामुळे गॅसचा धडा आपला आपणच लिहायला हवा. भाजल्यावर वीस मिनिटं नळाखाली हात धरा, हा नियम. पण मे महिन्यात दुपारी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं असतं. आधी नळ थोडा वाहू द्या, नाहीतर पिंपातलं गार पाणी तांब्याने ओतत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको.

उचलावी ती फोनची तालीम. कुठे, काय झालं, किती जण, कुणाला काय लागलंय, आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हे इथे मुलांकडून घोकून घेतात. नंबर दोन्हीकडे ११२च. अडचण आपल्याकडे दुसरीच: लँडलाइन गेली, आईबाबांचे फोन ऑफिसात, आणि घरी उरतो सिम नसलेला टॅब, ज्यावरून ११२ लागत नाही. जुना साधा फोन सिम घालून, चार्ज करून दाराजवळ ठेवा. पत्ताही पाठ हवा, आणि नीट क्रमाने. नवी मुंबईत 'सेक्टर सहा' एवढंच सांगितलं तर गाडी वाशीला पाठवायची की नेरूळला? आधी नोडचं, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या विभागाचं नाव, मग सेक्टर, सोसायटी, विंग, मजला.