उत्सव ज्यूंचा की यजमानांचा?

मुंबईतल्या एखाद्या जुन्या सिनेगॉगचा फोटो कुणी व्हॉट्सॲपवर टाकला की पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: ‘आपल्याकडे ज्यूंचा कधी छळ झाला नाही.’ बहुतांशी खरं आहे ते. पण पोलंडमधल्या क्राकोवमध्ये राहायला लागल्यापासून मला ते खुपतं, कारण असला अभिमान इथेही मुबलक आहे. ज्यूंना संरक्षण देणारी जुनी सनद राजा काझिमिरने १३३४ मध्ये कायम केली, हे इथे आवर्जून सांगतात. याच देशात महायुद्धाआधी सुमारे ३३ लाख ज्यू होते. त्यातले जवळपास ३० लाख नाझींनी मारले. त्यातूनही जे वाचले त्यांच्यातल्या चाळीसेक जणांना १९४६ मध्ये कील्त्से शहरात पोलिश जमावाने आणि शिपायांनी मारलं. १९६८ मध्ये तर सरकारच्याच मोहिमेमुळे हजारोंना देश सोडावा लागला.

क्राकोवच्या जुन्या ज्यू वस्तीत १९८८ पासून ज्यू संस्कृतीचा महोत्सव भरतो. तो सुरू करणारे दोघेही ज्यू नव्हते. ‘ज्यूंविना ज्यूंचा उत्सव’ ही टीका मला अर्धीच पटते. पडक्या घरांच्या त्या वस्तीत तेव्हा कुणी क्लेझमर, म्हणजे ज्यूंचं पारंपरिक संगीत, वाजवलंच नसतं, तर काय मोठं भलं झालं असतं? खटकतात त्या दुकानांतल्या बाहुल्या: नाणी मोजणारा ज्यू, घरात ठेवला की म्हणे पैसा येतो!

मला मोलाचं वाटतं ते २००८ मध्ये उघडलेलं ज्यू समाज केंद्र. आजी ज्यू होती हे मोठेपणी कळलेली माणसं तिथे शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक पवित्र दिवसाच्या, जेवणाला येतात. त्यांना देशाचं नाव राखायची घाई नसते. सरकारला मात्र होती: नाझींच्या गुन्ह्यांत पोलिश राष्ट्राला दोषी धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असा कायदा २०१८ मध्ये झाला. कैदेची तरतूद काही महिन्यांतच मागे घ्यावी लागली, तो भाग वेगळा.

आपलं ते वाक्यही शेवटी आपलीच पाठ थोपटतं. कोकणात पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, गावावरून आडनावं घेणारे, इस्रायलला गेल्यावरही ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढणारे बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, आपले पाहुणे कधीपासून झाले? मुंबईत असा महोत्सव जरूर व्हावा. त्यात त्यांचा गोड पोह्यांचा मालिदा असावा, त्यांची मराठी कीर्तनं असावीत, सहिष्णुतेवरची भाषणं नसली तरी चालेल. बाकी काय असावं ते ठाण्या-अलिबागच्या ज्यू मंडळींना विचारता येईल. क्राकोवमध्ये १९८८ साली विचारायला फारसं कुणी उरलंच नव्हतं.