प्रोजेक्ट पुढच्या बॅचच्या हाती द्या

विद्यापीठात शाश्वत विकास हा विषय प्रोजेक्टमधून शिकवावा, यावर आता फारसं दुमत नाही. माझी तक्रार त्या प्रोजेक्टच्या आयुष्याबद्दल आहे. सबमिशन झालं, व्हायवा झाली, मार्क मिळाले की तो संपतो. ‘पाणी वाचवा’ची पोस्टर्स भिंतीवर राहतात आणि गळती चालूच राहते.

पाण्याचंच घ्या. इमारत रिकामी असताना, टाकी भरत नसताना, मीटर हलायला नको. रात्री उशिरा आणि पहाटे रीडिंग घ्या. आकडा पुढे गेला असेल, तर कुठेतरी गळतंय. खरा अभ्यास इथून सुरू होतो. दुरुस्ती कोणाच्या अखत्यारीत येते? पैसे कोणत्या खात्यातून निघणार? इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? अभियांत्रिकीची मुलं मीटर वाचतील, वाणिज्यची खर्च मांडतील, समाजशास्त्राची सफाई कर्मचाऱ्यांशी बोलतील. (त्यांना गळतीची जागा बहुधा आधीच ठाऊक असते, त्यांना कोणी विचारलेलं नसतं.)

कँटीनमधल्या नासाडीचंही तसंच. ताटात टाकलेलं आणि स्वयंपाकघरात उरलेलं अन्न वेगवेगळं तोलायला हवं, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे. संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी १२व्यात २०३० पर्यंत दुकानं आणि ग्राहकांच्या पातळीवरची दरडोई अन्ननासाडी निम्म्यावर आणायचं लक्ष्य आहे. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाक्य वजनकाट्यासमोर उभं राहिल्यावर समजतं.

पण असं काम एका सत्रात होत नाही. डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये स्थापनेपासूनच समस्येवर आधारलेल्या गटप्रोजेक्टवर उभं आहे. तिथे सत्राचा साधारण निम्मा वेळ प्रोजेक्टला मिळतो. आपण उरलासुरला वेळ देतो आणि मुलांकडून पोस्टरपलीकडची अपेक्षा करतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने शाश्वत विकासाच्या व्याख्येत पुढच्या पिढ्यांच्या गरजा आणल्या. विद्यापीठात ती पुढची पिढी म्हणजे पुढची बॅच. तिच्यासाठी मूळ नोंदी, मोजण्याची पद्धत, फसलेले उपाय, कोणाला भेटायचं याची माहिती नीट मागे ठेवली का, यालाही मार्क हवेत. निकाल वर्षभर थांबवता येणार नाही, हे मान्य. म्हणून सत्र संपण्याआधीच पुढच्या गटाला बोलवा, नोंदवही द्या आणि जुन्या गटाला न विचारता त्यांना एक रीडिंग घेऊन मागच्या आकड्यांशी ताडून पाहता येतं का, ते बघा. त्यावर मार्क द्या.