स्टेशन मास्टर नॉव्हेला

आमचे साडूभाऊ तीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. त्यामुळे चौघांची इटलीवारी ठरली तेव्हा तिकिटांचं खातं आपसूक त्यांच्याकडे गेलं. लॅपटॉप माझा, म्हणून बोलणी खायचं खातं माझ्याकडे.

पहिल्या रात्री रोम ते फ्लोरेन्स शोधलं. दीड तासाचा प्रवास, दर वीस-तीस मिनिटांनी गाडी आणि प्रत्येक गाडीत जागा. साडूभाऊंनी चष्मा पुसला.

"वेटिंग किती?"

"वेटिंग नाहीच."

"आरएसी?"

"तेही नाही."

"मग चार्ट लागल्यावर कळेल," असं म्हणून ते झोपायला गेले.

आपल्याकडे कसं, सकाळी दहाला तत्काळ उघडतं, दहा वाजून दोन मिनिटांनी आशा संपते आणि माणूस मोकळ्या मनाने बसची चौकशी करतो. इथे आशाच संपेना. एकाच रुळांवर दोन कंपन्या: सरकारी ट्रेनितालिया आणि २०१२ पासून धावणारी खासगी इतालो. ट्रेनितालियाच्या फ्रेच्चारोसात, म्हणजे 'लाल बाणा'त, स्टँडर्ड, प्रीमियम, बिझनेस, एक्झिक्युटिव्ह असे चार वर्ग. त्यात पुन्हा बेस, इकॉनॉमी, सुपर इकॉनॉमी असे भाव. बेस घेतलं तर मन बदलायची मुभा. सुपर इकॉनॉमी घेणाऱ्याला मन नसतंच, असं गृहीत धरलंय.

एका गाडीला बिझनेसमधला शांततेचा भाग प्रीमियमपेक्षा स्वस्त दिसला. तिथे फोनवर बोलायचं नाही, मोठ्याने गप्पा मारायच्या नाहीत. मी खुशीत बायकोला दाखवलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"अहो, ताईला घेऊन?"

आम्ही स्टँडर्डवर आलो.

दुसऱ्या रात्री साडूभाऊ वही घेऊन हजर. डाव्या बाजूला इटालो की इतालो याचा वाद, उजव्या बाजूला भाडी. "हे बघ, काल एकोणीस नव्वद होतं, आज चोवीस नव्वद. गाडी तीच, सीट तीच!" स्वस्त तिकिटांचा ठरावीक कोटा असतो, तो संपला की भाव वर चढतो, असं मी सांगितलं. 'कोटा' हा शब्द ऐकून त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. "कोणाचा कोटा? व्हीआयपी? मग कुणाला तरी फोन करून बघू की."

स्टेशन निवडताना वेगळाच घोळ. यादीत फ्लोरेन्स नाही, फिरेंझे आहे. व्हेनिस नाही, व्हेनेत्सिया आहे. फिरेंझेपुढे 'एस. एम. नॉव्हेला' पाहून साडूभाऊ खुर्चीत ताठ झाले. "स्टेशन मास्टरचं नाव छापलंय! याला म्हणतात मान. आमच्याकडे कधी कुणी..." ते सांता मारिया नॉव्हेला, शेजारच्या चर्चच्या नावावरून, हे मी नंतर नेटवर वाचलं. त्यांना सांगितलं नाही. निवृत्त माणसाला एवढं सुख असू द्यावं.

पैसे भरायच्या वेळी माझं कार्ड परदेशी व्यवहाराला बंद निघालं. ते चालू करेपर्यंत पान विझलं, पान उघडेपर्यंत ओटीपी विझला. रात्री पावणेएकला तिकिटं आली. वर ठळक 'पीएनआर' लिहिलेलं होतं. "बघ!" साडूभाऊ म्हणाले, "शेवटी सगळं आपल्यासारखंच." त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढल्या आणि हॉटेलच्या कागदांसकट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावल्या. मोबाईलवर दाखवलं तरी चालतं, हे वाक्य मी घरात सहा वेळा बोललो.

रोम, फ्लोरेन्स बिनबोभाट पार पडलं. चूक निघाली व्हेनिसला. व्हेनेत्सिया नावाची दोन स्टेशनं यादीत होती, मी वरचं घेतलं. ते मेस्त्रे. उतरलो तर पाणी नाही, होडी नाही. समोर बसथांबा, दुकानं, घाईत चाललेली माणसं.

"हे व्हेनिस?" ताईंनी विचारलं.

"हे कल्याण," साडूभाऊंनी एका नजरेत ओळखलं. "व्हेनिस पुढे आहे."

पुढचं, पाण्यातलं स्टेशन सांता लुचिया. लोकल गाडीने दहा-बारा मिनिटं. लोकलला ना आरक्षण, ना चढता-उतरता भाव. आज घ्या, महिन्याने घ्या, दर तोच. मशीनमधून चार कागदी तिकिटं काढली. ती गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावी लागतात, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड. साडूभाऊंनी पहिलं तिकीट यंत्रात सरकवलं. खर्र असा आवाज झाला, तारीख-वेळ उमटली, आणि मुंबईच्या लोकलचं कूपन पंच करणारा तरुण साठीच्या देहात जागा झाला. चार तिकिटं झाल्यावर त्यांनी फोल्डर उघडला. मी सामानाकडे पाहत होतो.

गाडी पुलावर आली. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. ताईसुद्धा गप्प झाल्या. हा रेल्वेपूल १८४६ चा, असं मी वाचून दाखवलं. साडूभाऊंनी मनात हिशेब केला. "आपली बोरीबंदर-ठाणे १८५३. म्हणजे हे सात वर्षं पुढे." मग जरा थांबून, "पण हा पूल आहे. आपली पूर्ण गाडी होती."

तेवढ्यात टीसी आला. त्याने चार तिकिटं पाहिली, मान हलवली. साडूभाऊंनी मोठ्या विश्वासाने फोल्डरमधला पाचवा, चार घड्या घातलेला कागद पुढे केला. टीसीने तो उलगडला. हॉटेलचं बुकिंग होतं. दोन खोल्या, तीन रात्री, नाश्त्यासह, आणि कोपऱ्यात मेस्त्रेचा ठसठशीत शिक्का.

त्याने तो पुन्हा नीट चार घड्या घालून परत दिला.

"ग्रात्सिये," तो म्हणाला.

"कन्फर्म," साडूभाऊ मला म्हणाले.